गल्लीच्या मधोमध गेलेली रेघ

प्रिय मुग्धा,

समोरासमोर राहून पत्र कशाला, म्हणशील. पण तुझ्याकडे आले की तू चहा टाकतेस, हसतेस, आणि माझा राग कुठच्या कुठे जातो. या वेळी तो जायला नकोय.

प्रभागरचनेचा नकाशा आला तेव्हापासून मी तुझ्यावर जळून राहिले आहे. बरोबर वाचलंस. रेघ नेमकी आपल्या गल्लीच्या मधोमध गेली. तुझी बाजू जुन्या प्रभागात, माझी नाल्यापलीकडच्या. तुझं तिकीट जवळजवळ नक्की, त्यामुळे जो तो माझ्याकडे येऊन हळहळला, "बिचारी मुग्धाताई, तिचे हक्काचे मतं गेले!" माझं काय गेलं, हे एकालाही सुचलं नाही.

गडरलाइन तुंबली तेव्हा झोन ऑफिसात ठाण मांडून कोण बसलं होतं? उन्हाळ्यात टँकरसाठी कोणी भांडणं केली? पेपरात फोटो मात्र तुझा. फोटोच्या वेळी तू मला हात धरून पुढे ओढत होतीस, हेही खरं. त्याचीच जास्त चीड येते. तू जरा वाईट असतीस तर किती सोयीचं झालं असतं वं!

हरकती मागवल्या आणि गल्लीत सगळेच नकाशातले जाणकार झाले. मनोहररावांचं म्हणणं, "नाल्यालेच सीमा करा ना, घराघरातून रेघ कायले?" प्रयागबाईंना पलीकडचाच प्रभाग बरा, कारण "तिकडचा नगरसेवक फोन तरी उचलते." जितेंद्र म्हणाला, लोकसंख्या सारखी करायची तर कुठेतरी कापावंच लागेल, मग आपलीच गल्ली काहून नको? बोलला खरं, म्हणून दोन दिवस त्याच्याशी कोणी धड बोललं नाही.

आणि आज सुनावणीत काय झालं, ते तू पाहिलंसच. आपल्या शहाण्या लोकांनी प्रत्येक हरकतीत एकच वाक्य लिहिलं होतं, 'मुग्धाताईंची गल्ली तोडू नये.' साहेब म्हणाले, उमेदवाराच्या सोयीसाठी सीमा बदलत नसतात. तुझा चेहरा पडला. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. मग मीच उठले. एकच पाण्याची लाइन, एकच ट्रान्सफॉर्मर, एकच गणपती, आणि नाला ही ठळक सीमा जवळच असताना गल्ली का चिरता, असं विचारलं. तुझं नाव एकदाही घेतलं नाही. साहेबांनी पहिल्यांदा मान वर करून ऐकलं.

बाहेर आल्यावर तू सगळ्यांदेखत मला मिठी मारलीस. "माझ्यासाठी भांडली वं तू!" म्हणालीस. तेव्हाच सांगायला हवं होतं, जीभच रेटली नाही. मुग्धा, मी तुझ्यासाठी भांडले नाही. रेघ तशीच राहिली तर इथे मी पलीकडची ठरेन, आणि इथून उभी राहिले तरी स्वतःचं मतसुद्धा स्वतःला देता येणार नाही. ती पुसली गेली की मी याच प्रभागातून अपक्ष अर्ज भरणार आहे, तुझ्याविरुद्ध. घरीही अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. मला तुला हरवायचं आहे, मुग्धा, आणि मिठीत असतानाही मनात तेच होतं.

तरीही तुझीच,
गुंजन