लोड देऊ का?

४ तारीख, सोमवार

लागली बुवा नोकरी एकदाची. या वयात तुम्हाला कोण उभं करणार, असं घरात सगळ्यांचं मत होतं. डायलिसिसचं छोटं हॉस्पिटल आहे. वर पहिल्या मजल्यावर पेशंट आणि त्यांची मशिनं, खाली तळघरात माझं राज्य: एक जनरेटर, एक खुर्ची, एक टेबल फॅन. वीज गेली की सेट चालू करायचा, आली की बंद. बायको असती तर म्हणाली असती, ही नोकरी खास तुमच्यासाठीच काढलीय.

सेट दणकट आहे, पण मागच्या माणसाने त्याचे हाल केलेत. आज तेल, पाणी, डिझेल पाहिलं, बॅटरीची टोकं घासली. शटर उघडून धुराला वाट दिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. सेटवरचा, करंट तोडायचा ब्रेकर जळालाय म्हणून कोणीतरी तारा सरळ वर नेऊन जोडल्यात. साहेबांना सांगितलं. बघू म्हणाले, म्हणजे झालंच ते काम.

एकच पंचाईत आहे. लोडचं हँडल, म्हणजे सेटची वीज मशिनांना जोडायचं, वर मशिनांशेजारच्या पॅनेलमध्ये. म्हणजे सेट चालू करून जरा वेळ रिकामा चालवायचा, मग जिना चढून हँडल फिरवायचं. बंद करताना उलटं: आधी वर जाऊन लोड काढायचा, मग खाली येऊन सेट थंड होईपर्यंत रिकामा चालू ठेवायचा आणि मगच बंद करायचा. माझ्या गुडघ्यांची काही धडगत नाही.

७ तारीख

आज दोनदा वीज गेली. पेशंटचं रक्त नळ्यांमध्ये असतं, मशिनच्या बॅटरीवर फार वेळ काढता येत नाही, त्यामुळे धावपळ झाली. सिस्टर मात्र शांत बाई आहेत. त्यांनी सांगितलं की पूर्वी दोघं असायचे, एक खाली, एक वर. केबलशेजारी एक रिकामा पाइप आहे. खालचा त्याला तोंड लावून विचारायचा, लोड देऊ का? वरचा म्हणायचा, दे, आणि हँडल फिरवायचा. वरचा माणूस गेल्या वर्षी वारला, साहेबांनी जागा भरलीच नाही.

संध्याकाळी वीज गेल्यावर मी गंमत म्हणून पाइपाला तोंड लावून विचारलं. वरून आवाज आला, "दे."

धापा टाकत वर गेलो तर हँडल फिरलेलं होतं. कोणी फिरवलं म्हणून विचारलं, तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. असेल कोणी भला माणूस.

१२ तारीख

वीज कंपनीने छळ मांडलाय. गुडघे सुजून भोपळा झालेत. खरं सांगायचं तर मी आता वर जातच नाही. विचारतो, तो "दे" म्हणतो, लोड जातो. वीज आल्यावर काढला का म्हणून विचारतो, "काढला" म्हणतो. एकदाही चुकला नाही. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही आल्यापासून फार पटकन काम होतं. कौतुक कोणाला नको असतं? आणि दमलेल्या माणसाने मदत कोण करतंय ते किती बघायचं?

१५ तारीख

आज विचारलंच सिस्टरांना, वरचा कशाने वारला. पॅनेल दुरुस्त करत होता, म्हणाल्या. सेट बंद केला का, असं त्याने पाइपातून विचारलं. केला, असं खालून उत्तर आलं. त्याने हात घातला. सेट खाली थंड व्हायला रिकामा चालू होता.

मध्ये ब्रेकर नसला की रिकामा चालणारा सेटही पॅनेलपर्यंत करंट नेतो. हे मला शिकवायला नको.

मग मला इतके दिवस उत्तर कोण देतंय?

१६ तारीख

विचारणं बंद केलं. चढतो, उतरतो. पाइपात चिंधी कोंबली होती. मघाशी मी काही विचारायच्या आधीच आतून, चिंधीमागून, "दे."

१९ तारीख

झोप नाही. पॅनेल तापतंय, आतले कॉन्टॅक्ट झिजलेत. साहेबांनी ठेकेदाराकडून वायरमन मागवला. आमचे जावईबापू त्याच्याकडेच कामाला, ठेकेदाराने नेमकं त्यांनाच धाडायचं ठरवलंय. माझ्या पोरीचे दिवस भरत आलेत, त्यांच्या घरात कमावते तेवढे एकटेच. नका येऊ म्हणालो, कारणही सांगितलं. हसले. मामा, तुम्हाला आठ दिवस रजेची गरज आहे, म्हणाले.

एवढं मात्र कबूल करून घेतलं: मी स्वतः वर येऊन समोर उभा राहीपर्यंत पॅनेलला हात लावायचा नाही. पाइपातून काहीही ऐकू आलं तरी. पोरीची शपथ घातली. हो म्हणाले. पण कसे, सासऱ्याचं मन राखायला म्हणतात तसे.

२१ तारीख, दुपार

सकाळपासून लाइन बंद. पेशंट घरी गेले. लोड मी स्वतः वर जाऊन काढला. जावईबापू पॅनेलजवळ बसलेत. सेट थंड व्हायला रिकामा चालू आहे. तेवढ्यात हे लिहितोय. दमलोय फार.

बटण दाबलं. सेट बंद होत नाही.

पुन्हा दाबलं. नाही. डिझेलचा कॉक फिरवला, पण नळीत आहे तेवढं संपेपर्यंत —

चिंधी खाली पडलीय. मी काढलेली नाही.

पाइपातून जावईबापू. "मामा, बंद केला का?"

तोंड उघडायच्या आत माझ्याच आवाजात, माझ्यासारखाच दम लागून, कोणीतरी म्हणालं, "केला. लावा हात. माझ्याच्याने आता जिना चढवत नाही."

नाही म्हणून ओरडलो. पाइपाला तोंड लावून ओरडलो. वरून म्हणाले, "बरं मामा, बसा तुम्ही."

उठायचंय. पाय हलत नाहीत. खांदे कोणीतरी खुर्चीत दाबून — हात तेवढा चालतोय —

टेस्टर असतो त्यांच्या खिशात. लावा. आधी टेस्टर लावा —

पोरी, आवाज माझा होता. पण मी —