मागच्या खिडकीतून काढलेला फोटो

२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर कपडे शिवायला टाकायला आलेल्या बायकांचे कान इकडेच, म्हणून पत्र. तू आणि तुझ्या मित्रमंडळींनी नगरपालिकेला फुकटात करून दिलेल्या इंटरनेटवरच्या तक्रारींच्या नकाशावर मीही अखेर फोटो टाकला, नाव न देता. कारखान्याचा टँकर आपल्या पिण्याच्या तलावात काळं पाणी सोडतो, त्याचा. कारखाना नगराध्यक्षांच्या जावयाचा, त्यामुळे सगळ्यांची दातखीळ बसलीय. हे म्हणाले, नसती उठाठेव कशाला? मी म्हटलं, दादाने केलंय ते, नाव बाहेर फुटायचं नाही.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी टकळी

९ जून

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

शाबास! जिभेइतकीच हिंमतही आहे म्हणायची. तुझ्यामुळे एक खोट मात्र सापडली. फोटो कुठे उभं राहून काढला ती जागा फोटोतच दडलेली असते, आणि आमचा प्रोग्रॅम ती पुसत नव्हता. आता नव्या फोटोंची पुसली जाते. आमच्यात काही झाकून ठेवायचं नाही असा दंडक आहे, म्हणून खोट काय आणि ती जागा कशी शोधता येते, सगळं आमच्या सर्वांसाठी खुल्या चर्चेच्या पानावर मांडलं. वाहवा झाली! तुझ्यासारखे जुने फोटो तेवढे राहिलेत, ते रविवारी सगळे मिळून करू. काळजी नसावी.

आपल्या जावईबापूंना नमस्कार सांग.
तुझा दादा

१५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल एक गृहस्थ आले. शर्टाची बाही आखूड करायचीय म्हणाले, पण शर्ट आणलाच नव्हता. पाणी मागितलं आणि माझ्या मागोमाग थेट आतल्या खोलीत आले. खिडकीशी उभं राहून फोनमधला माझाच टँकरचा फोटो समोर धरला. तलाव इथून छान दिसतो म्हणाले.

मग तुझं कौतुक. तुमच्या दादांनी चर्चेच्या पानावर इतकं सोपं लिहिलंय, की आमच्यासारख्या अडाण्यालाही जागा सापडली, असं म्हणाले. मी आपली हसले. ह्यांची शाळा कधी सुटते, घरी कुठल्या रस्त्याने येतात, तेही त्यांनी विचारलं. भीतीने मी सगळं सांगून बसले रे. जळली माझी जीभ!

रात्री ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, धमकी देणारे लोक काही करत नसतात.

हे रोज दिवे लागायच्या आत येतात. आज शाळा कधीच सुटली. शिपाई म्हणतो, सर वेळेवर निघाले.

लोभ पुढे कधीतरी. पत्र लिहीत बसू नकोस, दादा, ये.
तुझी बहीण