गाठीवरची लाख

भवानी पेठ, सोलापूर
ता. १२ मार्च १९३४

तीर्थरूप महिपतीमामांच्या चरणी भाचा जोतीराम याचा शि. सा. न. वि. वि.

देवघरातला फारशी अक्षरांचा रुपया आपण माझ्या संग्रहासाठी पाठवलात. इमामसाब गाडीवानाने परवा पुरचुंडी आणून दिली. पण मामा, हा रुपया तो नव्हे. दिवाळीत पाटावर पाहिला तो काळाकुट्ट होता, कडेला हळदकुंकवाचा थर, अक्षरे बोटाला लागत. हा पांढराशुभ्र, आणि अक्षरे निम्मी पुसलेली. जुनी नाणी जमवतो, एवढी पारख मला आहे.

इमामसाबला मी अडतीवर सर्वांदेखत विचारले. पटका सोडून झटकायला लावला. काही पडले नाही. मामाला इचार, एवढेच म्हणाला. पोलिसांत वर्दी द्यावी काय, ते उलटटपाली कळवावे. मामीला एकदम सांगू नये, ती जिवाला लावून घेईल.

लेकरावर माया असावी.
आपला, जोतीराम

मंगळवेढा
ता. १६ मार्च

चिरंजीव जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

वर्दी देऊ नकोस. तुझे पत्र मामीला वाचून दाखवले. आधी ती हसली, मग ताट सारून उठली. ती म्हणते, लक्ष्मी घराबाहेर निघाली, तिला पारोशी कशी धाडायची? तिनेच चिंच आणि राख लावून रुपया दोनदा घासला, लेक सासरी धाडताना न्हाऊ घालावी तसा. मळ गेला, त्याबरोबर अक्षरेही गेली असतील. नाण्याच्या मळालाही मोल असते, हे तू तिला कधी सांगितले होतेस?

आता इमामसाबाचे ऐक. पुरचुंडी घेण्याआधी त्याने हात धुतले. तुमचा देव हाय, पोत्यात कसा टाकू, म्हणून पटक्यात बांधून डोक्यावर नेली. तोच पटका तू चारचौघांत सोडायला लावलास. परत आल्यापासून तो आमच्या आळीत फिरकलेला नाही. त्याची बायको चांदबी विहिरीवर मामीला म्हणाली, तुमच्या भाच्यानं आमाला चोर ठरवलं की. मामीला तोंड वर करवेना.

मोठा पारखी झालास. निस्तरायचे तेही तूच बघ.
तुझा, महिपतीमामा

भवानी पेठ, सोलापूर
ता. २२ मार्च

तीर्थरूप मामा व मामी यांस शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. काल अडतीवर त्याच लोकांसमोर इमामसाबचाचांचे पाय धरले. रुपया तोच आहे, मामीने घासून पांढरा केला होता, चोरीचे मी खोटे बोललो, असे मोठ्याने सांगितले. एक हमाल म्हणाला, लई पारखी, अन् मामीचा हात वळखला न्हाय व्हय! सगळे हसले. चाचा हसले नाहीत. ऊठ, लोकं बघत्यात, म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

हा रुपया संग्रहात ठेवायचे तोंड मला नाही. मामीची लक्ष्मी पाटावर परत जावी, म्हणून पुरचुंडी चाचांच्याच हाती देऊ लागलो. माझा विश्वास त्यांना दिसावा, असे मनात होते. त्यांनी हात पुढे केला नाही. गाठीवर लाखेचा शिक्का मार, म्हणाले. आता उघडी नेत न्हाय. पेढीवरून लाख आणली, लावताना बोटे भाजली. शिक्का त्यांनी उन्हात धरून नीट पाहिला. पुरचुंडी पटक्यात बांधली नाही. रिकाम्या पोत्यांत खोचली.

गाठीवर लाख पाहून मामीने चाचांना बोल लावू नये. ती माझ्या हातची आहे.

जमल्यास पदरात घ्यावे.
आपला अपराधी, जोतीराम