हिरादेवीची परतीची तारीख

३ नोव्हेंबर
नागावात झकास खोली मिळाली! मागे नारळाची वाडी, पुढे घरमालकीण हेमालीवहिनींचं स्वयंपाकघर. महाडला आईची काळजी मिटली. नोकरी रेवदंड्याला, अल्पेशशेठकडे. ते होड्यांना बर्फ-डिझेल देतात, मासळी घेतात. सगळ्या नोंदी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पण शेठना रोज सकाळी त्या एका पानावर, रंगीत आलेखांसकट हव्यात. म्हणून नवं रिपोर्ट टूल डेटाबेसला जोडायचं. काम आठवड्याचं, शेठना वाटतं मी चंद्रावर यान पाठवतोय. वाटू दे.

४ नोव्हेंबर
नोंदी केसरताई करतात. चाळिशीच्या, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, नजर हेडबाईंची. दुपारी मात्र त्यांनी जवळ्याची चटणी नि भाकरी पुढ्यात ठेवली. मी गार.

५ नोव्हेंबर
रिपोर्ट अडला. प्रत्येक फेरीला परतीची तारीख लागते आणि ‘हिरादेवी’ होडीच्या एका जुन्या फेरीला ती नाहीच. ताईंना विचारलं. म्हणाल्या, ती होडी वादळात गेली. चौघे होते. होडी हाकणारा तांडेल अंबाजी, त्याचं प्रेत दिघीच्या किनाऱ्याला लागलं, बाकी तिघे मिळाले नाहीत. त्यातला अनंता त्यांचा नवरा. न आलेल्या होडीची परतीची तारीख इथे कोणी लिहीत नाही, ती जागा रिकामीच ठेवतात. मी मान डोलावली.

६ नोव्हेंबर
शेठ भडकले. रिपोर्ट उद्या म्हणजे उद्या! काय करणार? हिरादेवीला आजची तारीख टाकून मोकळा झालो. शेठच्या हुकमाने एक नियमही घातला: भरलेली नोंद कोणाला पुसता येणार नाही. रिपोर्ट धडाधड चालला. ताईंना सांगितलं नाही. उगाच खपली कशाला काढा?

७ नोव्हेंबर
रिपोर्टात नवी ओळ: हिरादेवीने काल बर्फ उचलला. माझीच चूक असणार म्हणून बर्फाच्या कोठीत गेलो. लाद्या खरंच कमी. कोठीपासून धक्क्यापर्यंत अनवाणी ओली पावलं. ऊन चढलं तरी वाळली नाहीत.

८ नोव्हेंबर
ताई रडत-हसत आल्या. “आयला रं भाऊ, माझा माणूस आयला!” मी सगळं कबूल केलं, तर माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरकलो.

९ नोव्हेंबर
ताई आज हसत नाहीत. तो जेवत नाही म्हणे. भिंतीकडे तोंड करून बसतो, अंगाखाली बर्फ मागतो. अंबाजीची जागा रिकामी आहे, होडीत माणूस कमी आहे, एवढंच बोलतो. आणि लेकीला, दिशाला, जवळ बोलावतो.

१० नोव्हेंबर
तारीख पुसायला गेलो, नियम आडवा आला. नियम काढला — पुन्हा होता. डेटाबेस बंद केला, तरी रिपोर्ट आला. हिरादेवी, नवी फेरी, बारा तारखेला. तिघे जुनेच. चौथं नाव दिशा. शेठ म्हणतात, छान चाललंय, हात लावू नकोस.

११ नोव्हेंबर
ताईंनी कॉलर धरली. तू आणलास, तूच घालव म्हणाल्या. मला काही येत नाही. खरंच काही येत नाही. मग ताईंनी हळूच विचारलं — पुसता येत न्हाय, पण नावाच्या जागी नाव टाकता येतं का? कामाच्या सवयीने मी हो म्हणालो.

१२ नोव्हेंबर, दुपार
चौथं नाव आता माझं, ताईंनीच टाकलेलं. धक्क्यावरच्या ऑफिसात, माडीवर, दाराला आतून कडी लावून बसलोय; ताई समोर बसून रडताहेत. “येकुलती लेक हाय रं माझी.” त्यांच्यावर चिडताही येत नाही.
माझ्या जागी खोटं नाव टाकलं. रिपोर्टने घेतलं नाही. खऱ्या माणसाचंच लागतं — कुणाचं टाकू? वहिनींचं? आईचं? हात उठत नाही.
पळालो होतो. पाय धक्क्यावरच आणतात.
होडी लागली. भर उन्हात माणसं मासळी उतरवताहेत, कोणी तिच्याकडे बघत नाही. खिडकीतून हाका मारल्या. माझ्याकडेही बघत नाही.
आईचा फोन लागला — हॅलो, हॅलो म्हणत राहिली — माझा आवाज तिला —
जिन्यावर तिघे. ताई उठल्या, कडी काढताहेत — ताई, नको, मला पोहता ये