साबणाला घाबरणारा गॉब्लिन

२ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. कारण एकच. मी जे लिहितोय ते उद्या कोणी ढापलं तर पुरावा हवा. कादंबरीचं नाव मात्र इथे लिहिणार नाही. उगाच कोणाच्या हाती वही लागली तर?

२ फेब्रुवारी, दुपारी

नावच नाही तर पुरावा कसला? लिहून टाकतो. ‘परीलोकाचा सप्तदंती संग्राम’, खंड पहिला. किशोरांसाठी फँटसी. पऱ्या आणि गॉब्लिन यांचं घनघोर युद्ध. गॉब्लिन म्हणजे बुटके, हिरवे, टोकदार कानांचे आणि मनाने कुजके. या विषयावर आपल्याकडे कोणी असं लिहिलेलं नाही. मी शोधलेलं नाही, पण खात्री आहे.

एका प्रकाशकाने किशोर कादंबरीची स्पर्धा लावली आहे. पहिली आली की ते छापणार. महिनाअखेरपर्यंत पोचवायची. मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो. अर्ध्या गावाच्या तोंडात माझं काम आहे, पण माझं नाव कोणाच्याच तोंडी नाही. ते आता बदलणार.

खरं सांगायचं तर गाव गेलं उडत. आमची कन्या चौदा वर्षांची आहे. दिवसभर उशीएवढी जाड फँटसी पुस्तकं वाचत लोळते. माझ्याशी बोलते ते चार्जर कुठेय एवढंच. तिने एकदा वर्गात सांगावं, हे माझ्या बाबांनी लिहिलंय. बस. बाकी काही नको मला.

४ फेब्रुवारी

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून लेखन. आज आठला उठलो. अलार्म मुद्दामच लावला नव्हता. अलार्म वाजला की घरादाराला कळतं, हा माणूस काहीतरी मोठं करतोय.

कॉम्प्युटरवर लिहिणार नाही. हॅक होतो. हातानेच.

६ फेब्रुवारी

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहितो. तिसरं प्रकरण पूर्ण. संपूर्ण प्रकरण गॉब्लिनराजा दंतकेतूच्या दातांवर. सुळ्यांची लांबी, हिरड्यांचा रंग, वरची दाढ खालच्या दाढेवर कशी बसते ते सगळं बारकाव्यासह. हे दुसऱ्या कुठल्या लेखकाला जमणार? परी तेजोवलया चौथ्या प्रकरणात येईल. फार तर पाचव्या.

शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला मान लांब करून बघत होता. काय लिहिताय म्हणाला. मी म्हणालो, हिशोब. तो हसला. का हसला?

९ फेब्रुवारी

कुठेतरी पाणी मुरतंय.

पॉलिशवाल्याने आज पुन्हा विचारलं. इतकी चौकशी साधा माणूस करत नाही. संध्याकाळी प्रकरणांची झेरॉक्स काढायला मेहुण्याच्या दुकानात गेलो. हा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. कधी नव्हे ते म्हणाला, भावोजी, राहू द्या इथेच, निवांत काढून ठेवतो. निवांत! मी मशीनला टेकून उभा राहिलो आणि एकेक पान मोजून घेतलं.

हिने मात्र काहीच विचारलेलं नाही. एका शब्दाने नाही. म्हणजे हिला आधीच सगळं माहीत आहे.

११ फेब्रुवारी

सापळा रचला. स्वतःवरच खूश आहे.

चोर पकडायचा तर आधी त्याची चोरीची सोय करून द्यावी लागते. म्हणून तिघांना एकेक प्रत वाचायला द्यायची. पॉलिशवाला, मेहुणा आणि कन्या. प्रत्येक प्रतीत मधेच दोन-तीन पानं नकली. ती मी हाताने लिहून घुसवली आहेत आणि प्रत्येकाची वेगळी. त्यातलं काही बाहेर ऐकू आलं की चोर कोण ते तिथल्या तिथे कळणार.

पॉलिशवाल्याच्या प्रतीत: गॉब्लिन सेनापती आईला विचारल्याशिवाय लढाईला जात नाही. मेहुण्याच्या: दंतकेतू राजा कुठलाही निर्णय घेण्याआधी आपल्या कोंबडीचा सल्ला घेतो. कन्येच्या: राजा कोणाला घाबरत नाही, फक्त साबणाला घाबरतो. साबण दिसला की कपाटावर चढून बसतो आणि तिथूनच राज्यकारभार बघतो.

जेवता जेवता खरडलं. साहित्यिक मूल्य शून्य. लिहिताना मलाच एकदा हसू आलं, तेव्हाच समजलो की हे हलकं आहे. डाव फत्ते झाला की काढून टाकीन.

१२ फेब्रुवारी

प्रती दिल्या. अगदी गुप्त ठेवा म्हणून तिघांना बजावलं. कन्येने प्रत घेतली आणि म्हणाली, खरंच तुम्ही लिहिलंय, बाबा? डोळे मोठे करून बघत होती. नाटक चांगलं करते.

छातीत मात्र काहीतरी हललं. नोंद करून ठेवतो, तपासाशी संबंध नाही.

१४ फेब्रुवारी

काहीच नाही. तिघंही गप्प. कट आहे.

१५ फेब्रुवारी, सकाळी अकरा

सापडला! मालकांनी पॉलिशवाल्याला विचारलं, रविवारी येशील का. तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, आईला विचारून सांगतो. आणि लॅबभर हशा. मेण ओतणाऱ्यापासून डिलिव्हरीवाल्यापर्यंत सगळे हसले. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे! माझा सेनापती यांच्या तोंडी!

मी गंभीर चेहऱ्याने साचा घासत राहिलो. ताकास तूर लागू दिली नाही.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी

मेहुणाही फितूर. दुकानात एक गिऱ्हाईक रंगीत प्रिंटचा भाव कमी करा म्हणत होतं. मेहुणा म्हणाला, थांबा, कोंबडीला विचारतो. गिऱ्हाईकही हसलं. मला बघून मेहुणा म्हणाला, भावोजी, तुमची कोंबडी लय भारी आहे हो, पुढची पानं कधी देताय.

पुढची पानं! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराची मागणी पहिल्यांदाच ऐकली. प्रत काढून घेतली. 

१७ फेब्रुवारी

लॅबमध्ये घातपात. एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी मी पाठवली होती. त्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मालकांना फोन आला. म्हणे वरचे दोन्ही सुळे टोकदार आणि ओठांच्या बाहेर. हेडमास्तर हसले तर त्यांची नात पलंगाखाली शिरली, ती जेवायलासुद्धा बाहेर येईना.

मी असं करीन? त्या दिवशी मी एका हाताने दात बसवत होतो आणि दुसऱ्या हाताने दंतकेतूचं वर्णन लिहीत होतो हे खरं, पण माझा हात चुकत नाही. हे काम पॉलिशवाल्याचं. मालकांना तसं सुचवलं. ते म्हणाले, पॉलिशने दात लांब होत नाहीत. मालकही त्यांनाच सामील दिसतात.

२० फेब्रुवारी

घरचा भेदी निघाला.

संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरची, कन्येच्या वर्गातली मुलगी भेटली. मला थांबवून म्हणाली, काका, मग शेवटी राजा आंघोळ करतो का हो? सांगा ना, आम्ही पैज लावलीय.

तडक वर गेलो. कन्येच्या विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र. कपाटावर हिरवा बुटका, डोक्यावर मुकुट, खाली साबणाची वडी. चित्र चांगलं होतं. तोच पुरावा.

उलटतपासणी केली. किती जणांना सांगितलंस? म्हणाली, सगळ्या वर्गाला. मधल्या सुट्टीत वाचून दाखवते. कोणाचं म्हणून सांगितलंस? तर म्हणाली, माझ्या बाबांनी लिहिलंय म्हणून सांगितलं. म्हणजे नावानिशी फितुरी!

मी प्रत मागितली. तिने आधी दिली नाही, वर्गाला वाचून दाखवायची दोन पानं राहिलीत म्हणाली. मग मी आवाज चढवला. कुंपणच शेत खायला लागलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं, असंही म्हणालो. तिने प्रत टेबलावर ठेवली आणि आत गेली. रडली असावी. ही म्हणाली, पोरीने तीनदा वाचली ती, आणि स्वयंपाकघरात मलाही वाचून दाखवली, साबणाच्या पानावर आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो.

म्हणजे हीसुद्धा! मी थंडपणे सांगितलं की ती पानं नकली होती, तुम्हाला पकडण्यासाठीच लिहिली होती. हिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, धन्य आहे. यात काय ते धन्य, समजलं नाही.

२१ फेब्रुवारी

पॉलिशवाल्याकडूनही प्रत आणली. सहज देऊन टाकली. म्हणाला, सेनापतीची आई पुढे येते का? मी प्रत पिशवीत टाकली.

तिन्ही प्रतींतली नकली पानं लॅबमधल्या भट्टीत टाकली. साच्यातलं मेण जाळायची भट्टी ती, कागद क्षणात गेला. चोरलेला माल माझ्या पुस्तकात नको. आता राहिलं ते शंभर टक्के शुद्ध.

कन्या बोलत नाही. बरं आहे, एकाग्रता वाढेल.

२६ फेब्रुवारी

युद्ध अजून सुरू झालेलं नाही. दंतकेतू सातव्या प्रकरणात दात घासतोय. पण भाषा अशी भरदार आहे की युद्धाची गरजच वाटत नाही. तेजोवलया परी आली. तिचे दात मोत्यासारखे, त्यावर आठ पानं. खंड पहिला इथेच संपवला.

ही म्हणाली, आधी पोरीला दाखव. मी म्हणालो, एकदा पोळलो तेवढं पुरे.

२८ फेब्रुवारी

पोचवली. प्रकाशकाच्या कार्यालयात टेबलाशी बसलेल्या माणसाने पाकीट घेतलं आणि गठ्ठ्यावर टाकलं. मी म्हणालो, गुप्ततेची सही द्या. तो म्हणाला, कसली? मी समजावून सांगितलं. त्याने मला पाणी दिलं. पाणी पिईपर्यंत माझ्या पाकिटावर आणखी दोन पाकिटं पडली. ती कोणाची होती ते बघता आलं नाही. संशयास्पद.

बक्षीस स्वीकारतानाचं भाषण तयार करायला घेतलं आहे. सुरुवात कन्येपासून करणार. रुसवा तिथल्या तिथे जाईल.

९ मार्च

काही कळवलेलं नाही. वाचायला वेळ लागणारच, असं लेखन भराभर वाचून होत नाही. किंवा दुसऱ्या कोणाच्या नावाने छापायला दिलं असेल.

जेवताना कन्येला सहज म्हणालो, दुसऱ्या खंडात साबण घालू का? म्हणाली, तुमचं पुस्तक आहे, घाला नाहीतर नका घालू. आणि ताट उचलून गेली. आधी वर्गभर वाचून दाखवणारी मुलगी ही.

१७ मार्च, दुपारी

प्रकाशकाच्या संपादकबाईंचा फोन आला, येऊन भेटा म्हणून. बोलावलं म्हणजे निवड झाली. हाफ डे टाकला. इस्त्रीचा शर्ट. निघताना ही म्हणाली, शांतपणे ऐकून घे.

१७ मार्च, संध्याकाळी

संपादकबाई वयस्कर, बोलायला चांगल्या. पाकीट त्यांच्यासमोरच होतं. आधी अक्षराचं कौतुक केलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग म्हणाल्या, सगळं व्यवस्थित आहे हो, पण कोणी काही करतच नाही. राजा आहे, त्याला दात आहेत, परी आहे, तिला दात आहेत. मुलांनी यात काय बघायचं? दातांच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र तिसरं प्रकरण उत्तम आहे, म्हणाल्या. थट्टा करत नव्हत्या. थट्टा असती तर बरं झालं असतं.

मी विचारलं, हे दुसरीकडे कुठे छापून तर येणार नाही ना? त्या म्हणाल्या, नाही, त्याची अजिबात काळजी करू नका. फार प्रेमाने म्हणाल्या. म्हणजे कोणालाच नकोय ते. एवढे दिवस कुलूप लावून बसलो होतो आणि आत काहीच नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, घरात मुलं आहेत का तुमच्या? त्यांना यातलं काय आवडलं? मी सांगितलं, त्यांना जे आवडलं ते मी काढून टाकलं. हे मी अभिमानाने सांगायला सुरुवात केली होती. वाक्य संपेपर्यंत अभिमान राहिला नाही. बाईंनी चहा मागवला.

१८ मार्च

लॅबमध्ये कोणी विचारलं नाही. कोणी हसलंही नाही. पॉलिशवाला गुपचूप पॉलिश करत होता. मीच त्याला म्हणालो, सेनापतीची आई पुढे येणार होती. तो म्हणाला, असू दे हो.

जेवणाच्या सुट्टीत साबणाची पानं परत लिहायला बसलो. राजा कपाटावर चढला. मग? कपाटावरून त्याने काहीतरी फर्मान काढलं होतं, भारी होतं ते, मलाच हसू आलं होतं. काय होतं ते? दंतकेतू नुसता वर बसून राहिला. मी त्याचे दात लिहायला लागलो आणि कागद फाडला.

१८ मार्च, संध्याकाळी

कन्येच्या खोलीत गेलो. दारातच उभा राहिलो. म्हणालो, माझं चुकलं गं. साबण दिसल्यावर राजा कपाटावरून काय हुकूम सोडायचा, तेवढं सांग. मला आठवत नाही.

ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, मलाही नाही आठवत, बाबा.

तिला आठवतंय. तिने तीनदा वाचलंय, वर्गाला वाचून दाखवलंय. एवढा एकच संशय माझा या दीड महिन्यात खरा आहे, आणि याबाबत मी काहीही करू शकत नाही. मी वळलो. मग तिने विचारलं, दार लावून घेता का जाताना?

लावून घेतलं.