मनमोकळा कक्ष

सोमवार, १७ जून
मुख्याध्यापिकाबाईंनी आज जाहीर केलं. छडी बंद, उठाबशा बंद. यापुढे बेशिस्त मुलांचं समुपदेशन होईल आणि समुपदेशक मी. गणिताचे सर म्हणाले, भूगोलाचे तास कमी असतात म्हणून तुमच्यावर आलं. खरं कारण व्यक्तिमत्त्व. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मी सर्वांत जास्त बोललो होतो.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, तुम्ही आणि दुसऱ्याचं ऐकणार? पुढेही काहीतरी म्हणाली, माझं लक्ष नव्हतं.

गुरुवार, २० जून
खेळाच्या सामानाची खोली मिळाली. हवा गेलेले फुटबॉल, गुंडाळलेल्या मॅट. दारावर ‘मनमोकळा कक्ष’ असा बोर्ड लावला.
पहिली केस नववीतला भोंगा. वर्गात तोंडाने भोंगा वाजवतो. ट्रेनिंगप्रमाणे प्रश्न विचारून गप्प बसायचं. विचारलं, “तुला काय वाटतं?” म्हणाला, “काही नाही.” मग शांतता. ती मला सहन होईना, म्हणून माझं बालपण सांगायला घेतलं. कॉलेजपर्यंत आलो तेव्हा घंटा झाली.
भोंगा म्हणाला, “सर, खूप हलकं वाटलं.” त्या तासाला गणिताची चाचणी होती म्हणे. असेल. त्याचा इथे काय संबंध.

शुक्रवार, २८ जून
रिस्पॉन्स प्रचंड. गणिताच्या तासाला खोलीबाहेर रांग लागते. कालपर्यंत गरीब गाय असलेली दोन मुलं आज मारामारी करून आली. आधी कोणी कोणाला मारलं म्हणून सांगायचं, यावर दोघांचं दारातच एकमत होत होतं.
मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, बेशिस्त वाढतेय. मी समजावलं, रोग बाहेर पडतोय.

बुधवार, ३ जुलै
गुप्तता हा या कामाचा आत्मा. स्टाफरूममध्ये कोणाचंही नाव घेत नाही. आज फक्त एवढंच म्हणालो, की नववीतला एक मुलगा, जो भोंगा वाजवतो, त्याला अंधाराची भीती वाटते, असं तो जाता जाता सांगून गेला. सगळे कौतुकाने ऐकत होते. दुपारपर्यंत भोंग्याच्या वर्गाने खिडक्या बंद करून दिवे घालवले. योगायोग.

बुधवार, १० जुलै
भोंगा परत आला. मी त्याला माझं प्रमोशन कसं हुकलं ते सांगितलं. तो म्हणाला, “सर, मनात ठेवू नका. बाईंशी एकदा स्पष्ट बोला.” मुलं किती लवकर तयार होतात. त्याचा सल्ला लिहून घेतला.
घरी मुलगी म्हणाली, “बाबा, थोडं बोलायचं होतं.” म्हटलं, उद्या. उद्यासाठी ‘पालकांनी मुलांशी संवाद कसा साधावा’ हे भाषण तयार करायचं होतं.

सोमवार, १५ जुलै
जिन्याची काच फुटली. कोणी फोडली विचारल्यावर आमच्याच मुलीने हात वर केला. दहावीत आहे, आजवर एक तक्रार नाही.
नियम तो नियम. कक्षात आली, मॅटवर बसली, मला ‘सर’ म्हणाली. मीही बाप बाजूला ठेवला. राग म्हणजे काय, तो मेंदूत कुठे तयार होतो, सगळं मुळापासून सांगितलं. घंटा झाली. ती म्हणाली, “मी अजून काही बोललेच नाही.” म्हटलं, गुरुवारी ये. तिने विचारलं, “त्यासाठी आणखी एक काच फोडावी लागेल का?” मी म्हणालो, दुसऱ्या बैठकीला गरज नसते.
सेशन उत्तम. विद्यार्थिनी शांतपणे गेली.

शुक्रवार, १९ जुलै
बुधवारी कक्ष बंद झाला. बेशिस्त मुलांना आता गणिताचा जादा तास. दोन दिवसांत शाळा चिडीचूप. माझ्या समुपदेशनाचा परिणाम जरा उशिरा दिसतोय, दुसरं काय.
आज घरी आलो तर मायलेकी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मला बघून थांबल्या. विचारलं, काय चाललंय? बायको म्हणाली, तिला सायन्सला जायचं नाहीये. मला महिन्यापासून माहीत आहे, म्हणाली. शेजारच्या काकूंनाही माहीत आहे.
मी खुर्ची ओढून बसलो आणि घसा साफ केला. मुलीने पाण्याचा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला. “बाबा, तुमचं पाणी पिऊन होईपर्यंत मी बोलते.”
बोलली. चित्रकला, कॉलेज, तिला माझी वाटणारी भीती. ती मला ठाऊक नव्हती. मध्ये तीनचारदा मुद्दे सुचले, पण तोंडात पाणी होतं.
पाणी संपलं तेव्हा तिचं निम्मंही झालं नव्हतं. मी रिकामा ग्लास तोंडाला लावून बसून राहिलो.