जपानचा कौल

पाळी, १० मे १९८६

सौ. शेवंतास, आशीर्वाद.

मी बरा आहे. सकाळी पावाबरोबर पातळभाजी मिळते, पोटाची काळजी करू नकोस. आईचा गुडघा कसा आहे?

इथे घोळ झालाय. जपानात सात श्रीमंत देशांचे पुढारी बैठकीला जमले होते. खाणीवरचा लोखंडाचा माल तिकडेच जातो, म्हणून आम्ही ट्रकवाले घाबरलोय. पावसाळ्यात खाण बंद असते, त्यानंतर काम राहील ना? पेपरात फोटो आलाय, त्यात सगळे हसतात. त्यावरून काय समजायचे?

शेवटी आम्ही सगळे सातेरी देवीच्या देवळात कौल लावायला गेलो. गुरव म्हणाला, "देवीला काय विचारायचे ते नीट सांगा." त्या सात जणांनी काय ठरवले तेच कुणाला ठाऊक नव्हते. मग मीच म्हटले, "माझ्या लेकीला, वर्षाला, इथल्या शाळेत घालू का?" लगेच देवीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार.

तेव्हापासून सगळे खुशीत आहेत. देवीने होकार दिला म्हणजे जपानचे काम पक्के, म्हणतात. मला काहीच कळेनासे झालेय. कौल वर्षाचा की जपानचा?

तिचा शाळेचा दाखला काढला असशील तर परत देऊ नकोस. काढला नसशील तर थोडी थांब.

तुझा,
सखाराम